अ‍ॅल्युमिनियमचा फ्लॅटबेड ट्रॉला घ्यावा का? (पिथमपूर–चाकण–जालना फेरी)

अठराचाकी_इंदूर | सोमवार, रात्री १०:५०

मंडळी नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा.

आमच्याकडे तीन गाड्या. त्यातल्या एका घोड्यामागचा (घोडा म्हणजे पुढची ओढणारी गाडी) ४० फुटी फ्लॅटबेड ट्रॉला आता म्हातारा झालाय. किंगपिनच्या (ट्रॉला घोड्याला जोडणारा खुंटा) मागे, जिथे चेसिस खाली वळते, तिथे तिसऱ्यांदा तडा गेला. दोनदा पट्टी मारून चालवला, यावेळी बाबाच म्हणाले, बस झालं. घोडा चांगला आहे, तो ठेवायचा. ४×२ आहे, म्हणजे दोनच अ‍ॅक्सल, ट्रॉल्याला मागे तीन अ‍ॅक्सल, एकूण पासिंग, म्हणजे मालासकट परवानगीचं वजन, ४५.५ टन.

काम असं: पिथमपूरहून चाकणला मशिनरी, पॅनल, कधी पाइप. चाकणहून रिकामा जालन्याला. जालन्याहून सळई भरून इंदूर.

एका वर्कशॉपवाल्याने डोक्यात भरवलंय की आता लोखंडाचा घेऊच नका, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. ट्रॉला दोन टनांनी हलका होतो, म्हणजे दर फेरीला दोन टन माल जास्त, "आयुष्यभर फुकट". माझा घोडा रिकामा ७.१ टन आणि ट्रॉला ७.४. म्हणजे आज ३१ टन माल बसतो, तो ३३ होईल. किंमत मात्र लोखंडी ट्रॉल्यापेक्षा ९ लाखांनी जास्त सांगतोय.

बाबा म्हणतात, "तो भांड्याचा धातू. त्याच्यावर सळया आपटणार तू?"

कोणी वापरलाय का? खरंखुरं सांगा.

---

खलघाट_क्लच | सोमवार, रात्री ११:२०

बाबांचं ऐक. धागा बंद.

---

खलघाट_क्लच | सोमवार, रात्री ११:४१

बरं, नुसतं तेवढं लिहिणं बरोबर नाही, कारण सांगतो. माझ्या ओळखीतल्या एकाने अ‍ॅल्युमिनियम बॉडीची गाडी घेतली होती, ट्रॉला नव्हे, डंपर. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात बाजूच्या पत्र्याचा जोड उकलला. रात्रीचे दोन. ढाब्याशेजारी वेल्डिंगवाला होता, त्याने रॉड लावला आणि जिथे तडा होता तिथे भोक पाडून ठेवलं. मग म्हणतो, साहेब, हा माल आमच्याकडचा नाही. गाडी दोरखंडाने बांधून धुळ्यापर्यंत नेली. लोखंड कुठेही जोडता येतं रे भिया. एबी रोडवर (आग्रा–मुंबई हायवे) दर दहा किलोमीटरला रॉड लावणारा बसलाय.

---

वेल्डर_पिथमपूर | मंगळवार, सकाळी ७:१५

खलघाट काकांची गोष्ट खरी असणार, आणि कारणही सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. साधा रॉडवाला पापुद्रा फोडायच्या नादात खालचा धातू सांडून टाकतो. शिवाय लोखंडासारखं ते लाल होत नाही, म्हणजे डोळ्याला इशाराच मिळत नाही. आर्गॉन गॅस, मिग किंवा टिग मशीन, आणि हात बसलेला माणूस लागतो. पिथमपुरात मिळेल. हायवेवरच्या जुलवानियाला नाही मिळणार.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ट्रॉल्यात बहुधा ६०६१ किंवा ६०८२ जातीचं, उष्णता देऊन कडक केलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाच्या आसपास हा कडकपणा उतरतो, ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून चांगले उत्पादक जोड कमी ताणाच्या जागी ठेवतात किंवा वेल्डऐवजी बोल्टनेच बांधतात. तुमच्या त्या वर्कशॉपवाल्याला विचारा की मेन बीमवर आडव्या मेंबरचे जोड कुठे घेतो. उत्तर देताना तो "काळजी नका करू" म्हणाला तर काळजी करा.

आणि कडकपणा म्हणाल तर लोखंडाचा २०० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा ७०. म्हणजे तेवढाच बीम घेतला तर जवळजवळ तिप्पट वाकणार. हे टाळायला बीम खोल करतात. खोली वाढली की कडकपणा झपाट्याने वाढतो, म्हणून धातू तिप्पट लागत नाही, पण पिठाची, म्हणजे माल ठेवायच्या सपाट तळाची उंची, गाडीच्या खालची जागा, सगळं बदलतं. वजनात जो एक तृतीयांश धातू म्हणतात, घनता २.७ विरुद्ध ७.८५, तेवढी बचत पूर्ण ट्रॉल्यात कधीच मिळत नाही. अ‍ॅक्सल, पाटे, ड्रम, टायर, किंगपिनची प्लेट, ट्रॉल्याचे पाय हे सगळं लोखंडच राहतं.

---

रतलाम_यार्ड | मंगळवार, सकाळी ९:०५

मग रेल्वेने कशाला केलं? ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरहून अ‍ॅल्युमिनियमच्या वाघिणींची मालगाडी सुटली होती. हिंडाल्कोने केलेली, ६१ वाघिणी, नेहमीच्या लोखंडी रेकपेक्षा १८० टन हलकी. रेल्वेवाले वेडे आहेत का?

---

वेल्डर_पिथमपूर | मंगळवार, सकाळी ९:३०

वेडे नाहीत. वाघिणीमागे तीन टन वाचले. पण वाघीण एकच माल भरते, तो काठोकाठ भरते, ठरलेल्या दोन जागांमध्ये फिरते, आणि तडा गेला तर तिला स्वतःचं वर्कशॉप आहे. अठराचाकीकडे यातलं काय आहे ते त्यांनी बघावं. सिमेंट नि राखेच्या बल्करमध्ये (टाकीच्या गाड्यांत) अ‍ॅल्युमिनियम चालतं तेही याच कारणाने.

---

अठराचाकी_इंदूर | मंगळवार, दुपारी १:१०

हे पटलं. पण अमेरिकेत तर म्हणे सगळे फ्लॅटबेडवाले अ‍ॅल्युमिनियमच घेतात? व्हिडिओ बघतो ना मी, चकचकीत ट्रॉले, खाली हात लावला तर आरसा.

---

टेक्ससचा_भाचा | मंगळवार, रात्री ११:५५

मामाच्या गावचा धागा दिसला म्हणून लिहितो. मी मूळचा लोकमान्य नगरचा, इथे टेक्ससमध्ये चार वर्षं फ्लॅटबेड चालवली, आता डिस्पॅच बघतो.

सगळे घेत नाहीत, पण खूप जण घेतात. कारण समजून घ्या. इथे पूर्ण गाडीची मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६.३ टन. तुमच्या अठरा चाकांना भारतात ४५.५ टन मिळतात, आमच्या अठरा चाकांना ३६.३. नऊ टनांचा फरक आहे दादा. घोड्याला झोपायची मोठी केबिन असते, तीच केवढी जड. त्यामुळे उरलेल्या मालाच्या वजनात दीड टन म्हणजे इथे फार मोठी गोष्ट. शिवाय उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. लोखंडी ट्रॉल्याचे आडवे मेंबर काही वर्षांत पापडासारखे होतात, अ‍ॅल्युमिनियम टिकतं. तुमच्याकडे माळव्यात मीठ रस्त्यावर नाही, पोह्यांवर पडतं.

इथे तीन प्रकार चालतात. पूर्ण लोखंड, पूर्ण अ‍ॅल्युमिनियम, आणि कॉम्बो. कॉम्बोमध्ये मेन बीम लोखंडाचे, वरचं पीठ आणि बाजूच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या. पत्र्याची कॉइल किंवा एकाच जागी जड मशीन उचलणारे बरेच जण कॉम्बोच पसंत करतात. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॉला घेताना पहिला प्रश्न विचारायचा, मधल्या चार फुटांत किती वजन चालेल? एकूण क्षमता सगळे सांगतात, ही मधली संख्या सांगायला लावायची.

अजून एक. नवा अ‍ॅल्युमिनियम ट्रॉला रिकामा उभा असला की मधोमध कमानीसारखा वर आलेला दिसतो. मुद्दाम तसा करतात, माल भरला की सपाट होतो. माझ्या पहिल्या दिवशी मी मालकाला फोन केला होता, गाडी वाकडी दिलीय म्हणून. अजून चिडवतात.

पिठात अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्यांमध्ये लाकडाच्या पट्ट्या असतात, खिळे मारून ठोकळे बसवायला. ते लाकूड अ‍ॅपिटॉन्ग, म्हणजे आपल्याकडचं गर्जन. ट्रॉल्याला लाकूड नसेल तर मशिनरी सरकते, धातूवर धातू घसरतो. तुम्ही मशिनरी नेता म्हणून सांगतोय.

---

लोहामंडी_नाका | बुधवार, सकाळी ८:२०

मी माल घेणारा माणूस, ट्रॉला विकत घेणारा नाही. अठराचाकी, तुझ्या हिशेबात एक भोक आहे. जालन्याहून मी माल मागवतो तो मिलीमीटरनिहाय. आठ एमएम इतका, बारा एमएम इतका, सोळा इतका. माझी ऑर्डर ३० टनांची असेल तर ३० टनच येणार. तुझ्या गाडीत ३३ मावतात म्हणून मी तीन टन जास्त घेऊन गोदामात पैसे अडकवणार नाही. तुला दोन पार्ट्यांचा माल एकत्र लावता आला तर तुझे ते दोन टन भरणार. आणि लोहामंडीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, दोन ठिकाणी उतरवायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, हायड्रा क्रेनचं भाडं वेगळं.

---

हिशेबाची_वही | बुधवार, दुपारी ३:४०

मी दोन ट्रान्सपोर्टवाल्यांच्या वह्या लिहिते. दादा, एक काम करा. गेल्या सहा महिन्यांच्या या गाडीच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या) काढा. प्रत्येक बिल्टीवर वजन आहे. फक्त एवढं मोजा की किती फेऱ्यांत माल ३० टनांच्या वर होता, म्हणजे ट्रॉला हलका असता तर जास्त भरता आला असता. मशिनरीच्या फेऱ्या सोडून द्या, तिथे जागा आधी संपते, वजन नाही. त्या फेऱ्यांना हलका ट्रॉला एक रुपया देत नाही.

बाकी सगळी चर्चा त्यानंतर.

आणि डिझेलबद्दल लोक गोंधळतात म्हणून लिहिते. भरलेल्या गाडीत हलक्या ट्रॉल्याने डिझेल वाचत नाही, कारण वाचलेल्या जागी तुम्ही माल भरता, एकूण वजन तेच राहतं. डिझेल वाचतं ते फक्त रिकामं धावताना, किंवा मशिनरीसारखा कमी वजनाचा माल असताना.

---

पासिंगवाला | बुधवार, संध्याकाळी ६:००

कागदांचं कोणी बोललंच नाही. ट्रॉल्याचं रजिस्ट्रेशन वेगळं, विमा वेगळा, फिटनेस वेगळा. आता ट्रॉला एआयएस-११३ या वाहन मानकाप्रमाणे टाइप अप्रूव्ह असावा लागतो. म्हणजे ज्याने बनवला त्याच्याकडे त्या मॉडेलचं मंजुरीपत्र हवं. लोखंडी मॉडेलची मंजुरी दाखवून अ‍ॅल्युमिनियमचा हातात दिला तर ते चालणार नाही, धातू बदलला म्हणजे मॉडेल बदललं. मागून लहान गाडी खाली घुसू नये म्हणून जो दांडा असतो तो, बाजूचा संरक्षक, चमकणाऱ्या पट्ट्या, सगळं त्या मंजुरीतच येतं. मंजुरीपत्राची प्रत हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. नंतर माझ्यासारख्याकडे येऊन "भाऊ काही तरी करा" म्हणतात. काही होत नाही.

ओव्हरलोड करून वसूल करू असं मनात असेल तर तेही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० आणि वर दर टनाला २,००० आहे, जास्तीचा माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. माल बाजूने किंवा मागून बाहेर आला तरी २०,०००. फ्लॅटबेडवाल्यांना हे दुसरं जास्त लागतं.

---

संचालक | बुधवार, रात्री ८:१०

दोन प्रतिसाद उडवले आहेत. आपल्याच कंपनीच्या ट्रॉल्याची जाहिरात प्रश्न विचारल्यासारखी करू नये.

---

अठराचाकी_इंदूर | शनिवार, रात्री ९:३०

ताईंनी सांगितलं ते केलं. पत्नी आणि मी दोन रात्री बसलो. या ट्रॉल्याच्या सहा महिन्यांत ३३ फेऱ्या. जालन्याहून सळईच्या ३१. बाकी दोनदा चाकणहूनच परत माल मिळाला. ३१ पैकी ३० टनांच्या वर किती? १९. उरलेल्या १२ मध्ये २४ ते २९ टन, लोहामंडीवाल्या दादांनी सांगितलं तसंच, ऑर्डरच तेवढी.

टनामागे भाडं १,३०० धरलं.

---

हिशेबाची_वही | शनिवार, रात्री १०:०५

१९ फेऱ्या × २ टन × १,३०० = ४९,४०० सहा महिन्यांत. वर्षाला ९८,८००. तेही प्रत्येक वेळी दोन्ही टन भरले असं धरून.

९ लाख जास्तीचे कर्जाने आणले आणि व्याज १० टक्के धरलं तर पहिल्या वर्षी ९०,००० व्याज. हाती उरले ८,८००. मुद्दल अजून तसंच.

ते दोन टन फुकट नाहीत दादा, बँकेचे आहेत. मोडीत विकताना अ‍ॅल्युमिनियमचा भाव लोखंडाच्या कित्येक पट येतो, ते शेवटी थोडं परत देईल. पण पंधरा वर्षांनी येणाऱ्या पैशांवर आजचा हप्ता भरता येत नाही.

हेच गणित महिन्याला दहा भरगच्च फेऱ्या असलेल्या माणसाला वेगळं येईल. त्याने घ्यावा.

---

खलघाट_क्लच | शनिवार, रात्री १०:३०

मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. 😀

---

वेल्डर_पिथमपूर | रविवार, सकाळी ६:५०

काका, तुम्ही बरोबर ठरलात पण कारण चुकीचं होतं.

अठराचाकी, मला दुसरीच शंका आहे. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये तडा किंगपिनच्या मागे गेला, तिसऱ्यांदा, असं लिहिलंय. तीनदा त्याच जागी गेला म्हणजे वेल्डिंग नव्हे, मोजमाप चुकलंय. मला तीन आकडे द्या. ट्रॉल्याच्या पुढच्या काठापासून किंगपिन किती अंतरावर, किंगपिनपासून मागच्या तीन अ‍ॅक्सलपैकी मधला किती अंतरावर, आणि सळई कुठून कुठपर्यंत लागते.

---

अठराचाकी_इंदूर | रविवार, सकाळी १०:१५

टेपने मोजलं. पोहे खाऊन गेलो, हात तेलकट, तरी आकडे नीट घेतले.

किंगपिन पुढच्या काठापासून ०.९ मीटर. किंगपिन ते मधला अ‍ॅक्सल बरोबर ८ मीटर. पीठ १२.२ मीटर. सळई १२ मीटरची, म्हणजे पुढून मागे सगळं भरतं, सरकवायला जागाच नाही.

---

वेल्डर_पिथमपूर | रविवार, दुपारी १२:४०

बघा मग. सळई १२ मीटरची, तिचा मध्य पिठाच्या मधोमध, पुढच्या काठापासून ६.१ मीटरवर. किंगपिन ०.९ वर. म्हणजे मालाचा मध्य किंगपिनपासून ५.२ मीटर मागे.

५.२ भागिले ८, म्हणजे ६५ टक्के माल मागच्या बोगीवर (ट्रॉल्याचे तीन अ‍ॅक्सल), ३५ टक्के घोड्यावर. ३१ टनांतले सुमारे २०.२ बोगीवर, १०.८ किंगपिनवर. ट्रॉल्याच्या स्वतःच्या वजनातलेही अंदाजे २.४ टन किंगपिनवर येतात. १३.२. त्यात घोड्याचे ७.१ मिळवा. घोड्याच्या दोन अ‍ॅक्सलवर मिळून २०.३ टन.

परवानगी किती? १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेनंतर पुढच्या अ‍ॅक्सलला ७, चार टायरच्या मागच्या अ‍ॅक्सलला ११.५. मिळून १८.५. तुम्ही पावणेदोन टनांनी वर. आणि मागच्या बोगीला २७ ची परवानगी असताना तिच्यावर सुमारे २५.

एकूण वजनकाटा ४५.५ दाखवतो, सगळं नियमात दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण घोडा रोज ओव्हरलोड चाललाय आणि बोगी आराम करतेय. घोड्याचे मागचे टायर लवकर जातात का?

---

अठराचाकी_इंदूर | रविवार, दुपारी १:०५

जातात. दोन कंपन्या बदलून झाल्या. मी ड्रायव्हरला बोललो होतो ब्रेक जास्त मारतोस म्हणून.

---

टेक्ससचा_भाचा | रविवार, दुपारी ३:२० (तुमची)

हे बघून मला माझी नोकरी आठवली. इथे काट्यावर तीन वेगळे आकडे येतात, पुढचा अ‍ॅक्सल, घोड्याचे मागचे, ट्रॉल्याचे. एकूण बरोबर पण एक गट जास्त असेल तरी दंड. म्हणून इथे खूप फ्लॅटबेडना मागचे दोन अ‍ॅक्सल दहा फूट अंतरावर ठेवतात. लांब ठेवले की दोन वेगळे अ‍ॅक्सल धरतात, ३४,००० पौंडांऐवजी ४०,००० मिळतात. बदल्यात वळताना टायर घासून घासून जातात. अ‍ॅक्सल कुठे बसवायचा यावर इथे लोक ट्रॉल्याच्या रंगापेक्षा जास्त भांडतात.

---

वेल्डर_पिथमपूर | रविवार, संध्याकाळी ५:३०

बरोबर. आता नवीन ट्रॉल्यात मधला अ‍ॅक्सल ८ ऐवजी ७.३ मीटरवर घेतला तर? ५.२ भागिले ७.३, ७१ टक्के बोगीवर. २२ टन माल अधिक ट्रॉल्याचे स्वतःचे पाच, बोगी २७ ला टेकली. किंगपिनवर ९ अधिक २.३. घोडा ७.१ धरून १८.४. दोन्ही बाजू मर्यादेत, एकूण तेच ४५.५. शिवाय दोन आधारांमधलं अंतर कमी झालं म्हणून चेसिसचं वाकणंही कमी. तुमचा तडा तिथेच येत होता.

यासाठी नऊ लाख लागत नाहीत. ऑर्डर देताना ड्रॉइंगवर एक आकडा बदलावा लागतो. मागचा भाग जास्त लोंबतो, तो नियमात आणि त्या मंजुरीत बसतो का हे उत्पादकाकडून लेखी घ्या. चौकात वळताना मागचा कोपरा बाहेर फेकला जाईल हे ड्रायव्हरलाही सांगा. आणि मशिनरी नेताना उलटं होईल, हलका माल मागे लावला तर घोड्यावर वजन कमी येईल, तेव्हा मशीन पुढे घ्यायची.

हे न करता दोन टन हलका अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॉला ८ मीटरवरच घेतला असता तर काय झालं असतं? जास्तीच्या दोन टनांतले ०.७ पुन्हा घोड्यावर. कमी झालेल्या ट्रॉल्याने तेवढेच परत दिले असते. म्हणजे घोडा होता तसाच ओव्हरलोड, फक्त हप्ता मोठा.

---

लोहामंडी_नाका | रविवार, रात्री ८:४५

एवढं माहीत असतं तर मी गेली वीस वर्षं ड्रायव्हरांना "काटा बरोबर आहे ना" एवढंच विचारत बसलो नसतो.

---

अठराचाकी_इंदूर | पुढचा शुक्रवार, रात्री १०:२०

सगळ्यांना सांगायला आलो.

आधी देवास नाक्याजवळच्या काट्यावर भरलेली गाडी नेली, घोडा वर चढवून अर्धी उभी केली, मग पूर्ण. काटेवाला म्हणाला असं कोणी करत नाही, दोन पावत्यांचे पैसे लागतील. घोड्याचे २०.१ निघाले. वेल्डर दादांचा हिशेब २०० किलोने चुकला, कागदावर बसून. मी हात जोडले.

मग त्या अ‍ॅल्युमिनियमवाल्या वर्कशॉपला गेलो. मंजुरीपत्र मागितलं. म्हणाला पुढच्या आठवड्यात येतंय. मधल्या चार फुटांचा आकडा विचारला. म्हणाला एकूण क्षमता बघा ना, ती ४० टन आहे. चहा पाजला, चहा चांगला होता.

नवा ट्रॉला जास्त ताकदीच्या पोलादाचा बुक केला, ७०० मेगापास्कलवाला. साध्यापेक्षा पातळ जाडीत तेवढीच ताकद, म्हणून टनभर हलका पडतो असं म्हणतात, काट्यावर येईल तेव्हा खरं. मधला अ‍ॅक्सल ७.३ वर, ड्रॉइंगवर सही शिक्का घेतला. पिठात दोन रांगा लाकूड, मशिनरीसाठी. पत्नीने अट घातली की पहिल्या तीन फेऱ्यांच्या दोन-दोन पावत्या वहीत लागल्या पाहिजेत.

बाबांना सांगितलं, लोखंडच घेतलं. ते म्हणाले, मग एवढे दिवस फोनवर काय करत होतास?

एक प्रश्न राहिलाय. ट्रॉल्याला २२.५ इंची ट्यूबलेस टायर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्ज्ड डिस्क घ्याव्या का? बारा डिस्कमागे दोनशे किलोच्या आसपास वाचतील असं डीलर म्हणतो. माझे आत्ताचे २० इंची ट्यूबवाले आहेत.

---

खलघाट_क्लच | शुक्रवार, रात्री १०:४०

जुलवानियाला रात्री दोन वाजता ट्यूबलेसचा पंक्चरवाला मिळेल का, ते आधी विचार.

---

वेल्डर_पिथमपूर | शनिवार, सकाळी ७:०५

काका, आता मिळतो. पण अठराचाकी, अ‍ॅल्युमिनियमची डिस्क लोखंडी डिस्कपेक्षा जाड असते, स्टड लांब लागतात. डीलरने जुन्याच स्टडवर कसून दिल्या तर घेऊ नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळायचे. आणि स्टेपनीही तशीच घ्या, नाहीतर रस्त्यात एका बाजूला लोखंडी लावायची वेळ येईल आणि स्टडची लांबी जुळणार नाही.